भिंतीवरच्या दोन तसबिरी

ईदच्या दुसऱ्या दिवशी नववीतल्या एका विद्यार्थिनीच्या घरी शीरखुर्म्याचे आमंत्रण होते. त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर एरवी दोन तसबिरी असतात, आपल्या बहुतेक घरांत असतात तशा. एक काबा शरीफची, रेघारेघांच्या प्लॅस्टिकवर छापलेली. तिच्यासमोरून चालत गेले की काब्याची एक बाजू जराशी जास्त दिसू लागते, मागचे मिनार सरकल्यासारखे वाटतात आणि सपाट पत्र्यात हातभर खोली असल्याचा भास होतो. दुसरी मस्जिदे नबवीची, काळ्या मखमलीवर प्रकाशाच्या ठिपक्यांनी रेखलेली. बटण दाबले की घुमट आणि मिनार हिरवे, निळे, पिवळे होऊन लुकलुकतात.

त्या दिवशी दुसरी तसबीर भिंतीवर नव्हती. मुलीने ती उतरवून मागचे झाकण उघडले होते आणि त्याबद्दल दादीअम्मांचा ओरडा खात बसली होती. आत एक छोटा दिवा होता, दिव्यापुढे फिरणारी रंगीत चकती होती आणि केसांसारख्या प्लॅस्टिकच्या तंतूंची एक जुडी होती. प्रत्येक तंतूचे एक टोक दिव्याकडे आणि दुसरे मखमलीच्या एकेका भोकात.

मला पाहून ती म्हणाली, “टीचर, त्या तसबिरीत खोली आहे, पण ती भिंतीवरच अडकलीय. हिच्यात उजेड तारेतून हवा तिकडे जातो, पण ही सपाट आहे. मग खोली तारेतून पाठवता येणार नाही का?”

मी भाषा शिकवते, विज्ञान नव्हे. “बघून सांगते” एवढेच म्हणाले. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, थोडे उशिरा दिलेले.

खोली येते कुठून?

एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा. हात थरथरत नाही, सुई स्पष्ट दिसते, तरीही दोरा कधी सुईच्या पुढे जातो, कधी मागे राहतो. माझ्या अम्मीचा एक डोळा मोतीबिंदूने निकामी झाला होता तेव्हा ती चहा कपात ओतायला जाई आणि तो बशीत पडे. आम्हांला वाटे, वयामुळे हात चुकतो. ऑपरेशन होऊन दुसरा डोळा परत मिळाला आणि चहा पुन्हा कपात पडू लागला. चूक हाताची नव्हती, हे तेव्हा कळले.

आपले दोन डोळे साधारण ६ सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्यामुळे दोघांना एकाच वस्तूची किंचित वेगळी चित्रे दिसतात. नाकासमोर बोट धरा आणि आळीपाळीने एकेक डोळा मिटा. मागच्या कॅलेंडरवर बोट इकडून तिकडे उडी मारते. बोट जवळ आणले तर उडी मोठी होते, लांब नेले तर लहान. मेंदू या दोन चित्रांतला फरक मोजतो आणि वस्तू किती अंतरावर आहे ते ठरवतो. सूरह बलदमध्ये अल्लाहने माणसाला दोन डोळ्यांच्या देणगीची आठवण करून दिली आहे. ती वाचताना मला आता अम्मीचा चहाचा कप आठवतो.

दोन डोळ्यांच्या या कामाचा पद्धतशीर अभ्यास करणाऱ्यांत इब्नुल हैसम यांचे नाव फार वरचे आहे. सुमारे ९६५ साली बसऱ्यात त्यांचा जन्म झाला आणि सुमारे १०४० साली कैरोत ते वफात पावले. त्यांच्या ‘किताबुल मनाजिर’ या सात भागांच्या ग्रंथात एक साधा प्रयोग आहे. त्यांनी एक फळी घेतली, ती नाकाशी बसावी म्हणून तिला खाच पाडली, तिच्यावर रेघा आखल्या आणि मेणाच्या लहान खुंट्या उभ्या केल्या. मग नजर एका खुंटीवर ठेवली की कोणती खुंटी एक दिसते आणि कोणती दुहेरी, हे त्यांनी एकेक करून तपासले.

पुढे १८३८ मध्ये लंडनच्या चार्ल्स व्हीटस्टन यांनी हीच गोष्ट उलट बाजूने करून दाखवली. वस्तू न ठेवता त्यांनी तिच्या दोन आकृत्या काढल्या, एक डाव्या डोळ्याला दिसेल तशी आणि एक उजव्या डोळ्याला दिसेल तशी. दोन आरशांच्या मदतीने प्रत्येक डोळ्याला त्याची त्याचीच आकृती दाखवली. कागदावरच्या रेघा एकदम उठून उभ्या राहिल्या.

भिंतीवरच्या काबा शरीफच्या तसबिरीत हेच घडते. तिच्यावरची प्रत्येक रेघ म्हणजे एक बारीक, लांबट भिंग आहे. प्रत्येक भिंगाखाली वेगवेगळ्या जागांवरून दिसणाऱ्या अनेक चित्रांच्या चिंचोळ्या पट्ट्या शेजारी शेजारी छापलेल्या असतात. भिंग त्यातली एक पट्टी डाव्या डोळ्याकडे पाठवते, दुसरी उजव्याकडे. फ्रान्सचे गाब्रिएल लिपमन यांनी १९०८ मध्ये याच्या पुढची कल्पना मांडली. लांबट भिंगांऐवजी माशीच्या डोळ्यासारखी असंख्य गोल भिंगे बसवली, तर डावीकडे-उजवीकडेच नव्हे, वर-खाली पाहतानाही खोली दिसेल.

म्हणजे मुलीच्या प्रश्नातला पहिला भाग असा सुटतो: एका चित्रात खोली मावत नाही. खोली पाठवायची तर एकापेक्षा जास्त नजरा पाठवाव्या लागतात, आणि त्या एकमेकींत मिसळू न देता.

उजेडाला वळण

आता दुसरी तसबीर. उजेड तर सरळ रेषेत जातो, मग वाकड्या तंतूतून तो बाहेर न सांडता कसा जातो?

हे घरी पाहता येते. प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला बुडाजवळ एक छोटे भोक पाडा. पाणी भरा, खोलीत अंधार करा आणि भोकाच्या बरोबर समोरच्या बाजूने टॉर्चचा उजेड बाटलीतून भोकावर टाका. पाण्याची धार वळून खाली पडते आणि उजेड तिच्याबरोबर वळतो. धारेखाली धरलेला तळहात उजळतो. (लेझर वापरत असाल तर तो कुणाच्याही डोळ्यांवर जाणार नाही याची काळजी घ्या.) असाच प्रयोग दानिएल कोलादों यांनी १८४१ मध्ये जिनिव्हात आणि जॉन टिंडल यांनी १८५४ मध्ये लंडनमध्ये लोकांसमोर करून दाखवला होता.

कारण असे की पाण्यातला उजेड पाण्याच्या कडेला फार तिरका आदळला, तर तो हवेत बाहेर पडूच शकत नाही. पृष्ठभागाशी काटकोनात असलेल्या रेषेपासून मोजलेला कोन सुमारे ४९ अंशांच्या पुढे गेला की सगळाच्या सगळा उजेड आत परततो. शाळेच्या पुस्तकात याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. उजेड असा एका कडेवरून दुसऱ्या कडेवर आपटत धारेबरोबर पुढे जातो. ऑप्टिकल फायबर म्हणजे काचेची किंवा प्लॅस्टिकची गोठलेली धारच. मध्ये एका जातीची काच आणि तिच्याभोवती किंचित वेगळ्या काचेचे वेष्टण. उजेड त्या दोन काचांच्या सीमेवरून परततो, म्हणून बाहेरून हात लागला, धूळ बसली किंवा शेजारचा तंतू टेकला तरी तो निसटत नाही.

सफ बिघडली तर

पण उजेड नेणे आणि चित्र नेणे यांत फरक आहे. मखमलीवरच्या तसबिरीत मस्जिदे नबवीचे चित्र तंतूंनी आणलेले नाही. ते आणले ज्या कारागिराने भोके पाडली त्याने. तंतूंची जुडी दिव्यापाशी कशीही बांधलेली असते, म्हणूनच मिनाराचे ठिपके कधी हिरवे, कधी पिवळे असे मनास येईल तसे बदलतात.

चित्र न्यायचे तर नमाजच्या सफेसारखी शिस्त हवी. या टोकाला जो तंतू तिसऱ्या सफेत सातवा, तो त्या टोकालाही तिसऱ्या सफेत सातवाच असला पाहिजे. मग प्रत्येक तंतू चित्राचा एकेक ठिपका उचलतो आणि दुसऱ्या टोकाला त्याच जागी ठेवतो. सफ बिघडली तर उजेड सगळा पोहोचतो, चित्र मात्र पोहोचत नाही.

इथेही इब्नुल हैसम यांची आठवण येते. त्यांनी अंधाऱ्या जागेच्या भोकासमोर वेगवेगळ्या ठिकाणी अनेक दिवे ठेवले. आतल्या भिंतीवर तितकेच वेगवेगळे ठिपके पडले. एक दिवा झाकला की नेमका त्याचाच ठिपका नाहीसा झाला, बाकीचे तसेच राहिले. सगळ्या दिव्यांचे किरण त्या एका भोकातून गेले, तरी ते एकमेकांत मिसळले नाहीत. वस्तूच्या प्रत्येक बिंदूचा उजेड आपली ओळख आणि आपली जागा राखून डोळ्यापर्यंत पोहोचतो, म्हणून आपल्याला चित्र दिसते, ही त्यांच्या विचाराची गुरुकिल्ली होती. फायबरच्या जुडीला नेमके हेच साधायचे होते.

१९३० मध्ये म्युनिकमधल्या हाइनरिख लाम या वैद्यकीच्या विद्यार्थ्याने काचतंतूंच्या जुडीतून दिव्याच्या तापलेल्या तारेचे पुसट चित्र पलीकडे नेले. जानेवारी १९५४ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लंडनच्या हॅरल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांचा लेख आला. त्यांनी दहा हजारांहून अधिक तंतू नीट रचून चित्र पलीकडे नेले होते. कपानी पंजाबातल्या मोग्याचे, आग्र्यात शिकलेले. २०२१ मध्ये भारत सरकारने त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण दिले. त्याच अंकात हॉलंडच्या अब्राहम व्हान हील यांनी तंतूंना वेष्टण देण्याची कल्पना मांडली होती. फेब्रुवारी १९५७ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात डॉक्टर बेसिल हिर्शोवित्झ यांनी लवचीक नळी आधी स्वतःच्या घशातून खाली घातली आणि नंतर रुग्णाच्या पोटात पाहिले. आपण ज्याला ‘दुर्बीण टाकून तपासणी’ म्हणतो आणि जिच्या नावानेच घरातली मोठी माणसे घाबरतात, तिची सुरुवात अशी झाली.

दोन नजरा, एक नळी

आता दोन्ही तसबिरी एकत्र करू. फायबरच्या जुडीच्या एका टोकाला लिपमन यांची बारीक भिंगे बसवली आणि दुसऱ्या टोकालाही तशीच, तर वेगवेगळ्या दिशांनी येणारा उजेड वेगवेगळ्या तंतूंतून जाईल आणि पलीकडे त्याच दिशांना बाहेर पडेल. बघणाऱ्याला चष्मा न लावता खोली दिसेल. तत्त्व बरोबर आहे. मुलीने तसबीर उघडून जे विचारले ते हेच.

अडचण हिशेबाची आहे. समजा चित्रात १ लाख ठिपके हवेत आणि प्रत्येक ठिपक्यासाठी १०० दिशा. मग तंतू लागतील १ कोटी, आणि तेही सगळे आपापल्या सफेत. याउलट ३० हजार तंतूंची जुडी घेतली आणि प्रत्येक ठिपक्याला १०० दिशा दिल्या, तर ठिपके उरतील फक्त ३००. तेवढ्यात माणसाचा चेहराही ओळखू येणार नाही. पण शंभर दिशांचा हट्ट सोडला आणि व्हीटस्टन यांच्याप्रमाणे दोनच नजरा घेतल्या, तर प्रत्येक डोळ्याला १५ हजार ठिपके मिळतात. काम भागते.

शस्त्रक्रियेच्या खोलीत हा दोन नजरांचाच मार्ग निवडला गेला. पित्ताशयातले खडे काढताना सर्जन बेंबीपाशी छोट्या छेदातून नळी घालतात आणि पडद्यावर पाहत हत्यारे चालवतात. साध्या पडद्यावरचे चित्र एका नजरेचे असते. म्हणजे सर्जनची अवस्था एका डोळ्याने चहा ओतणाऱ्या माझ्या अम्मीसारखी. सावल्या, सराव आणि कॅमेऱ्याची हालचाल यांच्या आधारे ते खोलीचा अंदाज बांधतात. टाका घालताना हा अंदाज सर्वांत अवघड असतो. त्रिमितीय दुर्बिणीत एकाच नळीत शेजारी शेजारी दोन नजरा असतात आणि पडद्यापाशी प्रत्येक डोळ्याला त्याचे त्याचेच चित्र दिले जाते. रोबोटच्या मदतीने होणाऱ्या शस्त्रक्रियेतही सर्जन अशाच जोडचित्रात पाहतात. आता चित्र टिपण्याचे काम बहुधा इलेक्ट्रॉनिक चिप करते. पण पोटातल्या अंधारात दिवा नेण्याचे काम आजही अनेक दुर्बिणींत काचतंतूच करतात.

लांबच्या प्रवासासाठी तर चित्राचे आधी आकड्यांत रूपांतर करतात. १९६६ मध्ये चार्ल्स काव यांनी दाखवले की काच पुरेशी शुद्ध केली तर उजेडाचे संदेश किलोमीटरगणती जाऊ शकतील. या कामासाठी त्यांना २००९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या चांगल्या तंतूत एक किलोमीटर गेल्यावरही सुमारे ९५ टक्के उजेड शिल्लक असतो. आखातात नोकरी करणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कॉल रत्नागिरीच्या किंवा मुंब्र्याच्या घरी येतो, तो वाटेत समुद्राच्या तळाशी टाकलेल्या अशाच तंतूंतून, उजेडाच्या उघडझापीच्या रूपात. त्या चित्रात खोली नाही, याचा दोष तंतूचा नाही. फोनच्या कॅमेऱ्याने एकच नजर पाठवली, म्हणून एकच पोहोचली.

केसाएवढ्या तंतूतून

इथपर्यंत वाचले तेव्हा मला वाटले, उत्तर संपले. पण एक वाट आणखी आहे. जुडी नको, एकच तंतू हवा असेल तर?

थोड्या जाड गाभ्याच्या एका तंतूत उजेड असंख्य वाटांनी जाऊ शकतो. चित्र आत सोडले की या वाटा एकमेकींत मिसळतात आणि पलीकडे नुसते ठिपक्यांचे रांगोळीसारखे विस्कटलेले रूप दिसते. सफ पूर्ण मोडते. मात्र ती मनमानीने मोडत नाही. तंतू हलवला नाही तर दरवेळी तशीच मोडते. म्हणजे ती कशी मोडते हे आधी मोजून ठेवले, तर उजेड आत सोडतानाच असा उलटा विस्कटून सोडता येतो की पलीकडे तो एका नेमक्या ठिपक्यात गोळा होईल.

डिसेंबर २०२१ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात ग्लासगो विद्यापीठाच्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह असा प्रयोग प्रसिद्ध केला. तंतूचा गाभा होता ५० मायक्रोमीटरचा, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग, आणि लांबी सुमारे ४० सेंटिमीटर. त्यातून त्यांनी लेझरचे ठिपके समोरच्या दृश्यावर फिरवले, सेकंदाला सुमारे २३ हजार. प्रत्येक ठिपका वस्तूवर आदळून परत यायला किती वेळ लागला ते मोजले. उजेड सेकंदाच्या अब्जाव्या भागात ३० सेंटिमीटर जातो, म्हणून वेळ कळला की अंतर कळते. काही मीटर लांब हलणाऱ्या वस्तूंची त्रिमितीय चित्रे त्यांना सेकंदाला सुमारे पाच या वेगाने मिळाली.

इथे दोन नजरा नाहीत. खोली फरकातून न काढता वेळेतून काढली आहे. अडचण एकच आणि मोठी: तंतू वाकवला की वाटा बदलतात आणि सगळे मोजमाप पुन्हा करावे लागते. माणसाच्या शरीरात तर नळी वाकणारच. ही अडचण सुटली, तर आज जिथे दुर्बीण पोहोचत नाही अशा बारीक जागी सुईएवढ्या वाटेने जाऊन खोलीसह पाहता येईल.

वारसा कोणाचा?

२०१५ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी प्रकाशाचे वर्ष म्हणून साजरे केले आणि त्यात इब्नुल हैसम यांच्या कार्याला हजार वर्षे झाल्याचेही स्मरण केले. तेव्हापासून आपल्या मोबाइलवर दर काही दिवसांनी एक संदेश फिरतो, “कॅमेऱ्याचा शोध आपला आहे.” आपण माशाअल्लाह म्हणतो आणि पुढे पाठवतो. पण त्या बुजुर्गाने नुसते पुढे पाठवले नव्हते. बतलमयूस म्हणजे टॉलेमीसारख्या थोर ग्रंथकाराच्या चुका दाखवणारा स्वतंत्र ग्रंथ त्यांनी लिहिला. जुन्या किताबा आदराने वाचाव्यात, पण पडताळून पाहिल्याशिवाय मानू नयेत, ही त्यांची शिकवण. त्यांच्या हातात फळी होती, मेण होते, दिवे होते. एवढे सामान आजही प्रत्येक घरात आहे.

म्हणून मला त्यांचा वारसा मोबाइलवरच्या संदेशात दिसत नाही. तो त्या दिवशी तसबिरीचे झाकण उघडून बसलेल्या, ओरडा खाणाऱ्या मुलीत दिसला. तिच्या घरी सध्या दुसरीच चर्चा चालू आहे. अकरावी विज्ञान फक्त तालुक्याला आहे, बसने पाऊण तास. गावात कला शाखा आहे. “मुलीला एवढ्या लांब कशाला?” असे तिचे चाचा म्हणतात. तिचे अब्बू अजून काही बोललेले नाहीत. अजून दीड वर्ष आहे.

त्यांच्या घरचा निर्णय त्यांचाच आहे. पण अशी चर्चा आपल्यापैकी अनेक घरांत चालते, म्हणून लिहिते. बसचे भाडे, कॉलेजची फी, येण्याजाण्याची सोबत, सगळ्याचा हिशेब जरूर करा. त्या हिशेबात मुलीने विचारलेला प्रश्नही धरा. ज्या प्रश्नावर आज जगातल्या प्रयोगशाळा काम करत आहेत, तो तिने ईदच्या सुट्टीत, जमिनीवर बसून, स्क्रू ड्रायव्हर हातात घेऊन विचारला होता.

परवा उत्तर सांगायला तिच्या घरी गेले. बाटली, टॉर्च आणि बादली घेऊन आम्ही मोरीत पाण्याचा प्रयोग केला. दादीअम्मा दारात उभ्या राहून पाहत होत्या. धारेत उजेड वळला तेव्हा त्यांनीही हात पुढे केला. बैठकीत मस्जिदे नबवीची तसबीर पुन्हा भिंतीवर लागली आहे. एका मिनाराचे चार-पाच ठिपके पेटत नाहीत. परत बसवताना तेवढे तंतू भोकात गेलेच नाहीत. ते कोणते, हे तिला पक्के माहीत आहे. दादीअम्मा झाकण पुन्हा उघडू देतील, याची ती वाट पाहते आहे.